आकडा आखूड, विषय मोकळे : एका वाचनालयाच्या फेरवर्गीकरणाच्या नोंदी

२ जून

काम सुरू झालं. वाचनालय सांगलीच्या गावभागातलं, शासनाच्या यादीत ‘ब’ वर्गाचं, वर्गणीदार बहुतेक चालत येणारे. पुस्तकं आजवर अक्षरगटांत लावलेली आहेत : ‘क’ म्हणजे कादंबरी, ‘ख’ कथा, ‘न’ नाटक, ‘च’ चरित्र, ‘ध’ धार्मिक, आणि यांपैकी कशातच न बसणारं ते ‘सं’, संकीर्ण. गटाच्या आत दाखल क्रमांक. थोडक्यात, पुस्तक ज्या क्रमानं विकत आलं त्याच क्रमानं उभं. कादंबरीचा पहिला भाग एका मांडणीत आणि दुसरा भाग भलत्याच, कारण मधे काही वर्षं गेली.

संकीर्णची कपाटं सगळ्यांत जास्त. उघडलं की मधमाशीपालन, जमाखर्च, सूर्यग्रहण, शिवणकाम, हृदयविकार, सगळे मांडीला मांडी लावून.

हे सारं आप्पांच्या डोक्यात मात्र नीट लागलेलं आहे. आप्पा देवघेवीच्या टेबलावर असतात. “ते निळ्या कव्हरचं, विहिरीवरचं” एवढं म्हटलं तरी पुस्तक हातात आणून देतात. दिवाळीनंतर ते निवृत्त होणार. प्रकल्पाचं खरं कारण एवढंच आहे. ठरावात ‘आधुनिकीकरण’ असं लिहिलंय.

ठरलंय ते असं : वर्गीकरण ड्यूई दशांश पद्धतीनं, नोंदी कोहा या ग्रंथालयांसाठीच्या मोफत संगणकप्रणालीत. मदतीला ग्रंथालयशास्त्राची पदवी करणारी एक विद्यार्थिनी.

५ जून

संकीर्णपासूनच हात घातला. नव्या मुलीला समजावताना लक्षात आलं की ड्यूईची मुळातली करामत दशांशचिन्हात नाही. मेल्विल ड्यूईनं १८७६ मध्ये, ॲमहर्स्ट कॉलेजच्या ग्रंथालयात काम करताना, ही मांडणी छापली. त्याआधी पुस्तकाला पत्ता असायचा तो कपाटाचा : अमुक खोली, तमुक फळी. फळी भरली की पत्ते बदला. ड्यूईनं आकडा फळीला न देता विषयाला दिला. मग पुस्तक कुठल्याही कपाटात जावो, शेजारी तोच राहतो आणि नवीन पुस्तक दोघांच्या मधे शिरू शकतं. आमच्याकडचा दाखल क्रमांकाचा क्रम हा अजून त्या जुन्या जमान्यातला.

दहा मुख्य वर्ग तिला पाठ होतेच : ० सामान्य, १ तत्त्वज्ञान आणि मानसशास्त्र, २ धर्म, ३ सामाजिक शास्त्रं, ४ भाषा, ५ विज्ञान, ६ तंत्रविद्या, ७ कला, ८ साहित्य, ९ इतिहास-भूगोल. संकीर्णमधला पहिला गठ्ठा भराभर सुटला. सूर्यग्रहण ५२३.७८, हृदयविकार ६१६.१२, मधमाशीपालन ६३८.१, पाककृती ६४१.५, शिवणकाम ६४६, जमाखर्च ६५७. आप्पा लांबून बघत होते. म्हणाले, “म्हणजे संकीर्ण असं काही नव्हतंच म्हणा की.”

१० जून

आज पहिला खरा गुंता. ऊस.

सांगलीतल्या वाचनालयात उसाची पुस्तकं गठ्ठ्यानं असणारच. सगळी एका टेबलावर काढली आणि आकडे द्यायला घेतले. लागवड, ठिबक, खोडवा व्यवस्थापन : ६३३.६१, शेतीत. कारखान्यात साखर कशी होते ते : ६६४.१२२, तंत्रविद्येतच पण पार दुसऱ्या टोकाला. उसाचा दर आणि अर्थकारण : ३३८.१७३६१, अर्थशास्त्रात. सहकारी कारखान्याचा इतिहास : ३३४, सहकारात. ऊसतोड मजुरांवरचं पुस्तक : ३३१, कामगारांत. आणि ऊसतोडीवरची कादंबरी सरळ साहित्यात, ८९१.४६३.

एका टेबलावरची पुस्तकं संध्याकाळी पाच-सहा मांडण्यांत विखुरली. विद्यार्थिनी हिरमुसली. “मॅडम, आधीच बरं होतं की, सगळं संकीर्णमध्ये तरी होतं.”

तिचं म्हणणं खोटं नाही, पण ही ड्यूईची चूक नव्हे, स्वभाव आहे. तो पुस्तकाला ‘तू कशाबद्दल आहेस’ असं आधी विचारत नाही. ‘तू कुठल्या विद्याशाखेतून बघतोस’ असं विचारतो. शेतकऱ्याचा ऊस, केमिस्टचा ऊस आणि अर्थतज्ज्ञाचा ऊस हे त्याच्या लेखी तीन वेगळे. स्वतः ड्यूईला ही अडचण ठाऊक होती. म्हणून त्यानं तक्त्यांना जोडून एक सापेक्ष सूची दिली : विषय अक्षरक्रमानं, आणि त्यापुढं तो कुठल्या कुठल्या आकड्यांत पसरलाय त्याचे सगळे पत्ते. तक्ते विखुरतात, सूची गोळा करते. पद्धत चालते ती दोन्ही मिळून.

आमच्याकडं अर्धीच आणायचा बेत होता, म्हणजे लेबलं चिकटवायची आणि मोकळं व्हायचं. आज ते बदललं. प्रत्येक पुस्तकाला जागेचा आकडा एकच, पण विषयशीर्षकं लागतील तेवढी. कोहातल्या नोंदीत विषयासाठी ६५० क्रमांकाचं क्षेत्र असतं आणि ते कितीही वेळा भरता येतं. उसाच्या प्रत्येक पुस्तकाला, मग ते कादंबरी असो की कायदा, ‘ऊस’ हे शीर्षक मिळालं.

दुपारी कवलापूरकडचे एक शेतकरी आले होते. “८६०३२ वर काय हाय का ओ?” को ८६०३२ हा उसाचा वाण. कुठल्याही छापील विषययादीत हा शब्द सापडायचा नाही, आणि इथं हंगामात रोज कानावर येतो. ‘ऊस – वाण – को ८६०३२’ असं शीर्षक आमच्या यादीत स्वतःच्या अधिकारात घातलं.

११ जून

हळदीचंही तेच. लागवड ६३३.८ च्या घरात, औषध ६१५, बाजार अर्थशास्त्रात. कालचाच नियम लावला, वेळ घालवला नाही. द्राक्ष-बेदाण्याला तर विचारही करावा लागला नाही : बाग ६३४.८, बाकी शीर्षकांत.

१६ जून

ज्ञानेश्वरी कुठं ठेवायची, यावर अख्खी दुपार गेली आणि ती वाया गेली असं मला वाटत नाही.

बाजू एक : ज्ञानेश्वरी ही गीतेवरची टीका. ड्यूईत गीता २९४.५९२४, टीकाही तिच्यासोबतच. बाजू दोन : ओवीबद्ध मराठी काव्याचा हा पाया, मग ८९१.४६१, मराठी कविता. ८९१.४६ म्हणजे मराठी साहित्य आणि पुढचा आकडा प्रकाराचा : १ कविता, २ नाटक, ३ कथा-कादंबरी, ४ निबंध. एम. ए. मराठीची मुलं तिथंच शोधणार. विद्यार्थिनी दुसऱ्या बाजूची.

आप्पांनी मध्येच तोंड घातलं. “बाई, ज्ञानेश्वरी कवितेत नेऊन ठेवलीत तर पारायणवाल्या बायका मला फाडून खातील.”

हा विनोद नव्हता. आमच्या देवघेवीत ज्ञानेश्वरी मागणाऱ्यांत पारायणाला बसणारेच जास्त, आणि त्यांना शेजारी हरिपाठ, भागवत, गाथा हवी असते; केशवसुत नको असतात. वर्गीकरणाचा नियम सांगतो की ग्रंथ लिहिण्यामागचा हेतू बघा. तो बघितला तरी पहिली बाजू जिंकते. ठरलं : मूळ ग्रंथ, सार्थ आवृत्त्या आणि प्रवचनं २९४.५९२४ ला. ज्ञानेश्वरांच्या काव्यशैलीवरचे, भाषेवरचे अभ्यास ८९१.४६१ ला. सूचीत ‘मराठी कविता – प्राचीन’ हे शीर्षक दोन्हीकडं.

दासबोध गीतेवरची टीका नाही, त्यामुळं तो नुसत्या २९४.५ मध्ये गेला. गाथेवरून पुन्हा वाद झाला असता. घड्याळात बघून मीच ‘धर्म’ म्हणून शिक्का मारला. अभंगाला कविता म्हणणाऱ्यांशी माझं भांडण नाही.

आपल्याकडचे ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांच्या द्विबिंदू वर्गीकरणात, म्हणजे ड्यूईहून वेगळ्या पद्धतीत, अशा अभिजात ग्रंथांसाठी वेगळी युक्तीच आहे : मूळ ग्रंथ, त्यावरची टीका आणि टीकेवरची टीका हे सगळं एका रांगेत सलग राहील असा आकडा बनतो. भाष्य-टीका-टिप्पणीची परंपरा आत राहून पाहिलेल्या माणसालाच हे सुचणार.

जाताना एक आज्जी टेबलाशी : “मनाचे श्लोक हायेत का, मोठ्या टायपातले?” विषय नाही, लेखक नाही, अक्षराचा आकार. नोंदीत ‘मोठा टाइप’ हे वेगळं शीर्षक आजपासून.

२४ जून

धार्मिक विभाग. ड्यूईच्या २०० मध्ये २२० ते २८० हा पट्टा बायबल आणि ख्रिस्ती धर्माचा. जगातले बाकीचे धर्म २९० मध्ये दाटीवाटीनं : बौद्ध २९४.३, जैन २९४.४, हिंदू २९४.५, इस्लाम २९७. आमच्या कपाटात मात्र २२० ते २८० मिळून एक वीतभर फळी, आणि २९४ च्या मांडण्याच मांडण्या. रामायण २९४.५९२२, महाभारत २९४.५९२३. जैन पुस्तकंही या जिल्ह्यात कमी नाहीत. ज्यानं तक्ता केला त्याच्या गावात कोण राहत होतं ते आकड्याच्या लांबीवरून कळतं. स्थानिक धर्माला आखूड आकडा देण्याची मुभा ड्यूईच्या तक्त्यात पर्याय म्हणून दिलेली आहे. ती घेतली नाही. उद्या दुसऱ्या ग्रंथालयाची तयार नोंद उतरवून घ्यायची झाली तर आपला घरगुती आकडा आडवा येतो.

पण लांब आकड्याची अडचण कागदावरची नाही, पुस्तकाच्या पाठीवरची आहे. हरिपाठाच्या, व्यंकटेशस्तोत्राच्या पुस्तिकांना पाठच नसते; मधोमध दोन पिना आणि संपलं. लेबल मुखपृष्ठावर वरच्या डाव्या कोपऱ्यात लावायचं आणि पुस्तिका खोक्यात उभ्या ठेवायच्या, खोक्यावर एकच आकडा.

यातून नियम झाला : दशांशापुढं चारच्या वर अंक नकोत. मात्र मनाला येईल तिथं तोडायचं नाही. तोडल्यावर उरलेल्या आकड्यालाही अर्थ पाहिजे. उसाच्या अर्थकारणाचं ३३८.१७३६१ आता ३३८.१७, म्हणजे एकूण शेतमालाचं अर्थकारण. जे सूक्ष्म गेलं ते शीर्षकात आहेच.

कादंबरीला तर आकडाच निरुपयोगी. वाचनालयाचा अर्धा पसारा ८९१.४६३, एकच आकडा हजारो पाठींवर चिकटवून कुणाला काय सापडणार? लेबलावर जुना ‘क’ ठेवला, खाली लेखकाची अक्षरं. पूर्ण आकडा फक्त नोंदीत, ०८२ च्या क्षेत्रात. आप्पा खूश.

२७ जून

कार्यकारिणीतल्या एका सदस्यांची सूचना : भिलारसारखं करू या. पाचगणीजवळचं भिलार २०१७ मध्ये पुस्तकांचं गाव झालं, तिथं एका घरात कादंबऱ्या, दुसऱ्यात संतसाहित्य, तिसऱ्यात बालसाहित्य असं साहित्यप्रकारानुसार वाटून दिलंय. छानच आहे ते. पण तिथं माणूस फिरायला जातो, समोर येईल ते उघडून बसतो. आमच्याकडं संध्याकाळी साडेसहाला वर्गणीदार येतो, रिक्षा बाहेर थांबलेली असते. बालविभाग मात्र भिलारच्या धर्तीवर, आकडे नकोत, चित्रांच्या पाट्या, हे मान्य केलं.

३ जुलै

नावं. विषयापेक्षा जास्त डोकं खाल्लं यांनी.

जुन्या कार्डपेटीत कुसुमाग्रज ‘क’ मध्ये कवितांसह आणि शिरवाडकर ‘श’ मध्ये नाटकांसह. दोघांची एकमेकांशी ओळख नाही. विभावरी शिरूरकर, मालतीबाई बेडेकर आणि लग्नाआधीच्या बालुताई खरे ही तीन कार्डं, बाई एकच. नोंदीचा नियम असा की लेखकाचं एक अधिकृत रूप ठरवायचं आणि बाकीच्या रूपांपाशी ‘पाहा’ अशी चिठ्ठी ठेवायची. कोणतं ठरवायचं हे फारसं महत्त्वाचं नाही. एकदा ठरवून न बदलणं महत्त्वाचं. आधुनिक लेखक आडनावानं, संतकवी नावानं : ‘ठोसर, नारायण’ असं शोधत रामदासांकडं कुणी येत नाही.

लेखकचिन्हासाठी, म्हणजे लेबलावर आकड्याखाली लेखक ओळखू यावा म्हणून, इंग्रजी ग्रंथालयांत कटरचे तक्ते वापरतात, मराठीला ते लागू पडत नाहीत. आम्ही आडनावाची पहिली दोन अक्षरं घेतो. पण हा सांगली जिल्हा आहे. ‘माड’ म्हटलं की गदिमाही आले आणि व्यंकटेशही, दोघे सख्खे भाऊ, दोघांची पुस्तकं ढिगानं. म्हणून ‘माड ग’ आणि ‘माड व्यं’. कुलकर्णी आणि देशपांड्यांचं काय करायचं ते अजून ठरत नाही.

९ जुलै

टंकलेखन. जुनी यादी युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये होती, ती बदलून घेतली. तरी शोधताना काही पुस्तकं दडतात. कारण ‘दुसऱ्या’तला ऱ्य दोन तऱ्हांनी टाइप होतो, ‘ॲ’ही दोन तऱ्हांनी, डोळ्याला एक, यंत्राला दोन. टाइप करणाऱ्या सगळ्यांना एकच कीबोर्ड सक्तीचा केला. आकडे लेबलावर मराठी, नोंदीत इंग्रजी. मिसळले की यादीचे दोन तुकडे होतात. ज्ञ कार्डपेटीत ह-ळ-क्ष नंतर होता, संगणकात ज च्या पोटात गेला. आप्पांना सांगून ठेवलं.

१८ जुलै

नाटक विभाग, म्हणजे सांगलीचं माहेर. १८४३ मध्ये विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ इथंच केलं, देवल हरिपूरचे, खाडिलकर इथलेच. त्यामुळं देणगीत आलेल्या संहिता उदंड.

आकड्यांत अडचण काहीच नाही. छापील नाटक हे साहित्य, ८९१.४६२. रंगभूमी, नेपथ्य, अभिनय, नाटक कंपन्यांचा इतिहास हे ७९२. नाट्यसंगीताची स्वरलिपी संगीतात. अडचण वेगळीच निघाली. इथले नाटकवाले, म्हणजे कॉलेजातली मुलं, बँकेतले हौशी कलाकार, गणपतीतली मंडळं, कधीच लेखकाचं नाव घेऊन येत नाहीत. त्यांचा प्रश्न असा : “एकांकिका पायजे. पोरी दोनच हायेत, पोरं चार. सेट नको.”

या प्रश्नाला जगातला कुठलाही वर्गांक उत्तर देत नाही, आणि नाटकाच्या पुस्तकाचा उपयोग तर याच प्रश्नावर ठरतो. उत्तर बहुतेक पुस्तकांत दुसऱ्या-तिसऱ्या पानावर छापलेलं असतं, पात्रपरिचयात. विद्यार्थिनीला तेवढंच काम दिलं : पान उघडायचं, मोजायचं, नोंदीत टीप घालायची. ‘अंक १. पुरुष ४, स्त्री २. एक दृश्य.’ एकांकिकासंग्रह असेल तर आतल्या प्रत्येकीचं नाव ५०५ च्या क्षेत्रात, कारण संग्रहाच्या नावानं आतली एकांकिका कधीच सापडत नाही. काम रेंगाळलं. माझ्या मते सबंध प्रकल्पात याच्याइतकं उपयोगी काम दुसरं नाही, आणि वार्षिक अहवालात त्यासाठी रकाना नाही.

२६ जुलै

कोयनेतून विसर्ग वाढल्याची बातमी. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ ४० फुटांना इशारा, ४५ ला धोका. सकाळपासून येणारा प्रत्येक जण आधी फुटांचा आकडा सांगतो, मग पुस्तक मागतो. २०१९ च्या महापुरात तळमजल्यावर पाणी आलं होतं. खालच्या फळ्यांवरची पुस्तकं फुगून एकमेकांत अशी रुतली की मांडणी कापून काढावी लागली.

म्हणून वर्गांकाचा क्रम लावतानाच खालच्या दोन फळ्या कायमच्या रिकाम्या ठेवल्या. क्रम वरच्या फळ्यांवरून पुढच्या मांडणीत जातो. जागा पुरत नाही, म्हणून ५०० आणि ६०० माळ्यावर. दाखलनोंदवह्या आधीच वर आहेत. त्या गेल्या तर पुस्तक आपलं होतं हेच सिद्ध करता येत नाही.

३० जुलै

पाणी उतरतंय. शाळकरी पोरांची रांग. १ ऑगस्टला टिळकांची पुण्यतिथी आणि अण्णाभाऊ साठ्यांची जयंती एकाच दिवशी, त्यात अण्णाभाऊ आपल्या वाटेगावचे. भाषणाला दोघांपैकी एक, कधी दोन्ही.

यानं चरित्रांचा प्रश्न सोडवला. ड्यूईचा कल चरित्र त्या माणसाच्या विषयात घालण्याकडं : शास्त्रज्ञ विज्ञानात, नट रंगभूमीत. वाचकाला मात्र ‘चरित्र’ ही एक मांडणी हवी असते, आणि ९२० वर तशी एकत्र ठेवायची सोयही आहे. एकत्र ठेवली, चरित्रनायकाच्या आडनावाच्या क्रमानं, लेखकाच्या नव्हे. दलित आत्मकथनं साहित्यात की समाजशास्त्रात, हा वादही त्यातच मिटवला : आत्मचरित्र म्हणून इथंच, बाकी दोन्ही शीर्षकांत. पोरं ज्या पुस्तिका मागतात त्यांना ‘भाषणासाठी’ हे शीर्षक. ग्रंथालयशास्त्राचे प्राध्यापक नाक मुरडतील. मुरडू देत.

१२ ऑगस्ट

ग्रंथपाल दिन. रंगनाथनांच्या फोटोला हार, पेढे, पाहुण्यांचं भाषण. भाषणात नेहमीप्रमाणं त्यांची ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं.

रंगनाथन जन्मले १८९२ मध्ये, शिकवत होते गणित. १९२४ मध्ये मद्रास विद्यापीठाचे पहिले ग्रंथपाल झाले आणि शिकायला लंडनला गेले. तिथं सेल्फ्रिजच्या दुकानात त्यांनी मेकॅनोचा खेळ पाहिला : तेच सुटे तुकडे, नटबोल्टनं हवं ते यंत्र जोडा. त्यातून १९३३ चं द्विबिंदू वर्गीकरण आलं. ड्यूई तयार आकड्यांची यादी देतो. रंगनाथन तुकडे देतात. व्यक्तित्व, द्रव्य, ऊर्जा, स्थळ, काळ अशी पाच अंगं, आणि जोडायला विरामचिन्हं. ‘१९७० च्या दशकात महाराष्ट्रातली ऊसतोडणी’ असा विषय आला तर ऊस हे व्यक्तित्व, तोडणी ही ऊर्जा, महाराष्ट्र स्थळ, दशक काळ. द्रव्याचं घर रिकामं.

एका श्रोत्यानं विचारलं, आपला माणूस असताना परका ड्यूई का? कारण सरळ आहे. आसपासची ग्रंथालयं आणि तयार नोंदी ड्यूईत आहेत, आणि द्विबिंदूचा आकडा आमच्या पाठींवर मावत नाही. पण रंगनाथनांची साखळी-पद्धत आम्ही उचलली. वर्गांक एक एक पायरी उलटा वाचायचा आणि प्रत्येक पायरीची सूचीत ओळ करायची : ‘ऊस : शेती ६३३.६१’, ‘साखरपिकं : शेती ६३३.६’, ‘पिकं : शेती ६३३’, ‘शेती ६३०’. शीर्षकं सुचण्याची वाट बघावी लागत नाही, आकड्यातूनच गळतात.

२५ ऑगस्ट

स्थानिक इतिहास. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा साताऱ्याचा खंड १८८५ चा. त्यात वाळवा, तासगाव, खानापूर हे तालुके आहेत, आज ते सगळे सांगली जिल्ह्यात. खुद्द सांगली तेव्हा पटवर्धनांचं संस्थान. १९४९ मध्ये ‘दक्षिण सातारा’ जिल्हा झाला, १९६० मध्ये त्याचं नाव सांगली. नाना पाटलांच्या प्रतिसरकारवरच्या बहुतेक पुस्तकांच्या नावात सातारा आहे. त्या चळवळीतली कुंडल आणि येडेमच्छिंद्र ही गावं मात्र आज सांगलीत. वर्गांक महाराष्ट्राच्या इतिहासाचाच, ९५४.७९२, जिल्हा त्यात दिसत नाही.

स्थळनामाच्या क्षेत्रात, ६५१ मध्ये, पुस्तक लिहिलं गेलं तेव्हाचा जिल्हा आणि आजचा जिल्हा असे दोन्ही घातले. ‘दक्षिण सातारा जिल्हा’ला ‘हेही पाहा : सांगली जिल्हा’. गावांची नावं वेगळी. एका संशोधक बाईंनी दुसऱ्याच दिवशी कुंडलवरून तीन पुस्तकं काढली; त्यांतलं एक आम्हाला आमच्याकडं आहे हेच ठाऊक नव्हतं.

९ सप्टेंबर

संकीर्णचं शेवटचं कपाट रिकामं. वर्ग ० मध्ये कोश आणि ग्रंथालयशास्त्र एवढंच गेलं.

बाकी आहेत ते दिवाळी अंक. १९०९ च्या ‘मनोरंजन’पासून ही परंपरा, आमच्याकडं बांधीव गठ्ठे बरेच जुने. त्यांना वर्गांक द्यायचा नाही, नाव आणि वर्ष पुरे. एकाच विषयावरचा विशेषांक असेल तरच विषयशीर्षक. आतल्या कथांची सूची करायला हवी, पण ते काम पुढच्या वर्षीच्या अंदाजपत्रकात पैसे धरले तर. कुलकर्ण्यांसाठी आडनावापुढं नावाची दोन अक्षरं, देशपांड्यांनाही तेच. आप्पांनी निळ्या कव्हरच्या विहिरीच्या पुस्तकाला ‘भूजल’ शीर्षक नको म्हणून सांगितलंय. ‘विहीर’ ठेवलं, आणि भूजलपाशी ‘विहीर पाहा’.